हिराजीच्या कमरेला तोच पट्टा

प्रिय उस्मान,

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुला जाऊन वर्ष उलटलं आणि मी एक ओळ लिहिली नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हात थरथरतो, ही कारणं खरी आहेत. पण तुझ्याशी सबबी सांगून आता काय मिळणार? मी तुझ्यावर रुसलो होतो. मेलेल्या माणसावर रुसू नये, असं आमची द्वारका म्हणते. पण होतास तेव्हा तू रुसायला कारणच दिलं नाहीस. मग मी कधी रुसायचं?

आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती आता थांबणार नाही. उस्मान, पट्टा तू आधी कोणाचा कापलास? माझा की हिराजीचा?

हसू नकोस. तू हसशील हे मला माहीत आहे. पण या एका प्रश्नापायी माझं जेवण कमी झालंय. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मनातलं नीट मांडता येत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुला ठाऊक असलेलंही लिहितो. कुठे चुकलं तर तुला सांगता येईल.

तू मस्कतहून कायमचा परत आलास आणि दिघी-आगरदांडा लाँचवर तांडेल म्हणून, सुकाणूवर, लागलास. मी इकडच्या, दिघीच्या धक्क्यावर दोर धरायचो. लाँच आली की दोर झेलायचा, खुंट्याला गुंडाळायचा, माणसं उतरवायची, चढवायची, दोर सोडायचा. एवढंच माझं काम. दुसरे तांडेल दोर खलाशाला टाकायला लावत आणि तो दोर पाण्यात पडे, नाही तर माझ्या तोंडावर बसे. तू सुकाणू खलाशाकडे द्यायचास आणि दोर स्वतः टाकायचास. मला हात नुसता उघडा ठेवायला लागायचा. मी सगळ्या दिघीला सांगत सुटलो होतो, उस्मानची नजर माझ्या हातावर असते म्हणून.

माझी खाकी पँट तेव्हा सुतळीने बांधलेली असायची. चामड्याचा पट्टा एकदा हौसेनं घेतला होता. खारं पाणी पिऊन पिऊन तो सुक्या बोंबलासारखा कडक झाला आणि एके दिवशी वाकताना मोडला. तेव्हापासून सुतळी.

एका दुपारी माणसं उतरल्यावर तू मला म्हणालास, "म्हादू, हात वर कर."

मी घाबरलो. कोणी हात वर करायला सांगितलं की मला पोलीसच आठवतात.

"सुतळी बांधून दोर धरतोस? पँट गळली तर काय सोडशील, दोर का पँट?"

"पँट सोडीन," मी म्हणालो.

"म्हणून तर देतोय."

मस्कतच्या बंदरात तू ट्रकवरचा माल बांधायचास. माल बांधायची ती विणलेली पट्टी, आपल्या पलंगाच्या नवारीसारखी दिसणारी पण दसपट चिवट, तिचं भेंडोळं तू पेटीतून आणलं होतंस. मेंदीच्या पाल्याचा रंग, मधोमध एक काळी रेघ. तू ती माझ्या कमरेभोवती सदऱ्यावरूनच फिरवलीस, सुरीनं कापलीस, आणि विणकाम सुटू नये म्हणून टोक लायटरनं जाळलंस. जळल्याचा वास सुटला, टोक वितळून काळं कडक झालं. पितळी बक्कल तू आधीच आणलेलं होतंस, आत दातेरी खटका असलेलं. भोक नाही, काटा नाही. ओढायचं आणि दाबायचं.

भेंडोळ्यातली उरलेली पट्टी तू गुंडाळून परत खिशात घातलीस. ती तुझ्या स्वतःसाठी, असं मी समजलो. तू तसं म्हणाला नव्हतास, हे आता कबूल करतो. पण दुसरं काय समजणार? दोन मित्र, एकच पट्टी, अर्धी याच्या कमरेला, अर्धी त्याच्या. तुझा सदरा नेहमी बाहेर असायचा. त्याखाली माझ्या पट्ट्याचा जोडीदार आहे, या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली.

आणि काय पट्टा होता, उस्मान. काय पट्टा आहे, म्हणायला पाहिजे. तो अजून जसाच्या तसा आहे. पहिल्या दिवशी द्वारका म्हणाली, "पलंगाची नवार कमरेला बांधून स्वारी कुठं निघाली?" त्याच द्वारकेनं विहिरीचा दोर तुटला तेव्हा हा पट्टा मागून घेतला आणि बादली वर काढली. सायकलला सिलिंडर यानंच बांधून आणायचो. आमच्या विलासच्या लग्नात कपाट टेंपोवर चढवलं, त्यालाही हाच. पँटबरोबर धुवायचा, कुंपणावर टाकायचा, तासाभरात सुकायचा. बक्कल हिरवं पडलं की चिंचेनं घासायचं.

मोठं वादळ झालं तेव्हा मागचं दार उघडून जाऊ लागलं. कडी निखळलेली. मी पट्टा दाराच्या कोयंड्यातून घेतला आणि खिडकीच्या गजाला ताणून बांधला. पत्रे उडाले, नारळी पडल्या, तुझ्या घराची कौलं गेली, माझ्या घराचं छप्पर गेलं. ते दार राहिलं. दुसऱ्या दिवशी तू चिखल तुडवत आलास, उघड्या आभाळाखाली बंद असलेलं ते दार बघितलंस आणि म्हणालास, "म्हादू, आत येऊ का?" आम्ही सगळे रडत होतो आणि तुझ्या त्या एका वाक्यावर हसलो.

विलास नवी मुंबईहून दर दिवाळीला चामड्याचा पट्टा आणतो. मोठ्या दुकानातला, खोक्यातला. पावसाळा आला की त्यावर पांढरी बुरशी धरते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याची सालं निघतात. मी त्याला काही बोलत नाही. लेकाचं मन मोडू नये.

रक्तात साखर निघाल्यावर मी वाळत गेलो. भोकांचा पट्टा असता तर मोच्याकडे नव्या भोकांसाठी खेटे घातले असते. हा आपला ओढला की माझा. पूर्वी खटका जिथे बसायचा तिथे फिकट आडव्या खुणा पडल्यात. सकाळी पट्टा लावताना त्यांवरून बोट फिरवतो आणि मागं कधी किती जाड होतो ते कळतं. उरलेलं टोक आता लांब लोंबतं. ते सायकलच्या साखळीत अडकेल का, कोणी मागून ओढेल का, अशी मला सारखी धास्ती असते. म्हणून दोन वेढे घेऊन खोचतो. तरी कापत नाही. तू कापलेल्या टोकाला मी कशाला सुरी लावू?

तर असा मी. आता हिराजीचं.

तो आगरदांड्याच्या धक्क्यावर दोर धरायचा, हे मला माहीत होतंच. तिकडेही कोणीतरी असणारच, दोर काही आपोआप बांधला जात नाही. कधी मुरुडला जाताना लाल टोपी दिसायची, एक बुटका कोळी, पोट सुटलेला. रामराम घालायचा, मी घालायचो. त्याच्याबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. लाँच जेवढा वेळ आमच्याकडे थांबायची तेवढाच वेळ तिकडेही थांबायची. तेवढ्या वेळात तू तिकडे काय करतोस, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. माझ्या लेखी तू तिकडे जायचास ते परत यायला.

तुझ्या चाळिसाव्याच्या जेवणाला तो आला होता. खतिजाभाभीनं सगळ्यांना पोटभर वाढलं. जेवण झाल्यावर हिराजी पडवीच्या कडेला हात धुवायला वाकला आणि त्याचा सदरा वर गेला.

मेंदीच्या पाल्याचा रंग. मधोमध काळी रेघ.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी त्याला विचारलं, "हा पट्टा कुठला?"

"कुठला म्हंजे? माझा हाय."

"ते दिसतंय. आणला कुणी?"

"ज्याच्या घरचं जेवलास त्यानंच."

मी माझा सदरा वर केला. हिराजीनं बघितलं, परत बघितलं. मग पितळी बक्कलावर बोट टेकवून म्हणाला, "अरं तिच्या. तुला बी?"

हे "तुला बी" माझ्या फार वर्मी लागलं, उस्मान. मी "बी" कधीपासून झालो?

घरी येऊन द्वारकेला सांगितलं. तिला वाटलं मला धीर हवाय, तिनं पदर सावरून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमाला सवत निघाली म्हणा की." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शेजारणीला बोलावून पुन्हा सांगितलं. माझ्या घरात तेव्हापासून हिराजीला सवतच म्हणतात.

मी पट्टा काढून खुंटीला टांगला आणि विलासचा चामडी पट्टा लावला. शेवटच्या भोकातही तो सैल, म्हणून खिळा तापवून आणखी एक भोक पाडलं. ते वाकडं गेलं. बोर्लीच्या बाजारात एका हातात पिशवी आणि एका हातात पँट धरून फिरलो. ओळखीचं कोणी भेटलं आणि नमस्कार करायची वेळ आली तर काय करायचं, या काळजीनं भाजी न घेताच परत आलो. दुसऱ्या दिवशी तुझा पट्टा पुन्हा लावला. माफ करून नव्हे. पँट पडते म्हणून.

पण रोज लावताना डोक्यात एकच. या घटकेला खाडीपलीकडे तोही हेच करत असेल. ओढत असेल, दाबत असेल. आधी तो की आधी मी?

शेवटी राहवलं नाही. गाड्या नेणारी मोठी फेरीबोट आता आहेच, तिच्यात बसून आगरदांड्याला गेलो. तिला आपला दोर लागत नाही, फळी खाली पडते आणि मोटारी उतरतात. हिराजी घरापुढे जाळं शिवत बसला होता.

"आलास?" तो म्हणाला, जणू मी रोज येतो. "मलाबी यायचंच व्हतं. तुझा कदी दिला त्यानं?"

म्हणजे त्यालाही तोच किडा चावत होता. मला थोडं बरं वाटलं.

मी म्हणालो, उस्मान मस्कतहून आला त्याच वर्षी, पावसाआधी. तो म्हणाला, त्याचाही त्याच वर्षी, पावसाआधीच. मी म्हणालो, दुपारी. तो म्हणाला, त्याला दिला तेव्हा ऊन होतं, तेवढंच आठवतं. मग दोघांनी पट्टे काढले आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. काळी रेघ तीच, वीण तीच. टोकाला टोक जुळतं का पाहिलं, तर दोन्ही टोकं तू जाळलेली, काय जुळणार? आणि त्याचा पट्टा माझ्यापेक्षा चार बोटं लांब.

"बघ," हिराजी म्हणाला, "माझा लांब कापला."

"तुझं पोट बघ," मी म्हणालो.

दोन म्हातारे पँटी धरून ओट्यापाशी उभे, आणि त्याची सून दारातून बघतेय. तिनं चहा आणला तेव्हा पट्टे लावायचं आम्हाला भान आलं.

मग ठरलं की तुझा पट्टा बघायचा. तिसरा तुकडा मिळाला की कळेल कोणाचा कोणाला लागून आहे. दोघं मिळून फेरीबोटीनं दिघीला आलो आणि भाभीसमोर बसलो. मीच विचारलं, "भाभी, उस्मानचा पट्टा जरा दाखवता? तो हिरवा."

भाभी म्हणाली, "कुठला हिरवा? त्यांचा पट्टा नव्हता."

"असा," हिराजीनं सदरा वर केला.

"त्यांना नाडीचा लेंगा लागायचा, म्हादूभाऊ. घरात लुंगी. पट्टा कशाला?"

मी म्हणालो, मी पाहिलाय. हिराजी म्हणाला, त्यानंही पाहिलाय. भाभी आमच्याकडे बघत राहिली. "तीस वर्षं त्यांचे कपडे मी धुतले," ती म्हणाली. "तुम्ही धुतले?"

 मग भाभीनं जे सांगितलं ते तुला लिहून कळवतो, कारण ती तुला कधी म्हणाली नसेल. "तुम्ही दोघं भांडताय. मी कोणाशी भांडू? घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. बोलायचं ते सगळं दोन धक्क्यांवर संपवून यायचे. म्हादू असं म्हणाला, हिराजी तसं म्हणाला, तेवढं एकदोनदा कानावर पडायचं. मला वाटायचं, मीबी एखाद्या धक्क्यावर उभी राहिले असते तर बरं झालं असतं."

ती रागानं बोलली नाही. सुपारी कातरत बोलली. हिराजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. उस्मान, तू खरोखर पट्टा लावायचा नाहीस? सगळी पट्टी आम्हा दोघांतच घातलीस? मग इतकी वर्षं मी ज्याची जोडी म्हणून मिरवत होतो तो तू नव्हतासच. माझ्या पट्ट्याची जोडी हा हिराजी? हा? मला विचारलंस तरी का?

त्या दिवसानंतर मी दर शुक्रवारी आगरदांड्याला जाऊ लागलो. द्वारका म्हणते, सवतीच्या घरी निघाले. मी सांगतो, भांडायला जातो. खरंच भांडायलाच जायचो. तुझ्याबद्दल माझ्याकडे जास्त की त्याच्याकडे, हे बघायला.

आणि त्याच्याकडे जास्त निघालं, उस्मान. ते मला फार लागलं. मस्कतला तुझा सोबती मालाखाली सापडला आणि तू त्याचं सामान बांधून त्याच्या गावी धाडलंस, हे तू हिराजीला सांगितलंस. तुझ्या लेकीचं, नसीमचं, पहिलं लग्न मोडलं तेव्हा तू सुकाणू धरून रडलास, हे हिराजीला माहीत. तुझ्या छातीत दुखतं हे त्याला माझ्या किती आधी माहीत होतं. मला काय सांगितलंस? अरबाच्या उंटानं पगाराचं पाकीट खाल्लं ते. हेडमास्तर भरतीच्या पाण्यात धोतर सांभाळत उतरले ते. मी इतका हलका होतो का, की माझ्या हातात एकही जड गोष्ट दिली नाहीस?

हे मी हिराजीला तोंडावर बोलून दाखवलं. मला वाटलं तो छाती फुगवील. तो जाळ्याची सुई खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "उंटानं पाकीट खाल्लं?"

"हो."

"मला न्हाय सांगितलं." थोड्या वेळानं परत म्हणाला, "माझ्याकडं आला की त्याचं तोंड उतरलेलंच. मला वाटायचं, हा माणूस कदी हसतच न्हाय. तुज्याकडं हसायचा व्हय?"

"पोट धरून."

"मंग मला कशाला रडवत बसला इतकी सालं?" हिराजी चिडला. खरंच चिडला. मला म्हणाला, "ते उंटाचं सांग."

मी सांगितलं. नीट, तू सांगायचास तसं, मध्ये थांबून. तो हसला, मग म्हणाला, "आनकी एक." तेव्हापासून दर शुक्रवारी मी त्याला एक तुझी हसायची गोष्ट सांगतो आणि तो मला त्याच्याकडची एक जड गोष्ट सांगतो. मला त्या ऐकून झोप येत नाही, पण ऐकायला जातो. दोर तू त्याच्याकडेही स्वतःच टाकायचास आणि त्याच्या हातातून कधी चुकला नाही, हेही त्यानं सांगितलं. त्या शुक्रवारी मी चहा न घेता उठून आलो.

आता जे झालंय ते ऐक. हिराजीच्या पोटात पाणी होतंय. अलिबागला नेला होता, दोनदा काढलं, पुन्हा भरतं. डॉक्टरनं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आवडीचं खायला घाला. सुनेनं मला सांगितलं आणि मी फेरीबोटीत उभा राहून आलो, बसायचं सुचलं नाही.

पोट फुगलंय आणि बाकीचा माणूस काटकुळा झालाय. त्याला पट्टा लागत नाही आता, लुंगीच असते. पण मी गेलो की म्हणतो, बसव मला, आणि तो लाव. मी लुंगीवरून लावतो, खटका सैल ठेवतो. चार बोटं जास्त होती म्हणून आता पुरतो. यावर मी काही बोलत नाही.

मागच्या शुक्रवारी तो मला म्हणाला, "म्हादू, मी आदी जातोय. उस्मानला काय निरोप?"

त्याच्या तोंडावर हसू होतं. आजारी माणसाचं नव्हे, शर्यत जिंकल्यासारखं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुझ्या हाती मी निरोप पाठवणार नाही."

"मी इचारीन की त्याला, कुणाचा आदी कापला."

"तू खोटं सांगशील."

"सांगायला परत येतोय कसा मी?"

हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आम्ही हसत सुटलो. हसता हसता त्याला ढास लागली आणि सून आतून आली, म्हणाली, "काका, तुमी त्यांना हसवू नका, डाक्टर बोललाय." मी म्हणालो, बरं. पण उस्मान, हसवायचं काम तूच मला लावलंस ना?

मग मी त्याला माझ्या मनातली भीती विचारली. म्हटलं, हिराजी, उस्मानचा स्वर्ग वेगळा, आपला वेगळा. तू तिकडे जाऊन तरी भेटणार कसा? तो उशीला टेकला, डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "मंधी खाडीच आसंल ना. लाँच कोन चालवतो ते म्हाईत हाय आपल्याला."

मी त्याचं पांघरूण सारखं करून निघालो. परत येताना रेलिंग धरून उभा होतो आणि मनात काय चाललं होतं ते तुला स्पष्ट लिहितो. मला हिराजीचा हेवा वाटला. तो मरतोय आणि मला हेवा वाटला. तू त्याला आधी भेटणार, मग तुम्ही दोघं बोलत बसणार, आणि मी येईन तेव्हा तुमच्या सगळ्या गोष्टी सांगून झालेल्या असणार. तू मस्कतहून आलास तेव्हाही तुम्हा दोघांच्यात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नव्हतं, आताही नसणार.

आणि दुसरं असं, की तो गेला तर शुक्रवारी मी कोणाकडे जाऊ? तुझी छातीची कळ, नसीमचं रडणं, हे सगळं आता माझ्याकडे आलंय. ते ज्यानं दिलं त्याच्याशीच बोलता येतं. उंटाची गोष्ट द्वारकेनं इतक्यांदा ऐकलीय की मी तोंड उघडलं की ती उठते.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. टपालवाला हसेल. उद्या कब्रस्तानाच्या भिंतीशी बसून वाचून दाखवीन, हळूच, म्हणजे जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटायला नको की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

एक वचन देतो. पट्टा आधी कोणाचा, हे मी हिराजीला पुन्हा विचारणार नाही. तुला विचारलंय, तू तुझ्या सवडीनं सांग, न सांगितलंस तरी चालेल. तो उठून बसतोय तोवर दर शुक्रवारीच काय, मंगळवारीही जाईन, त्याला पट्टा लावीन आणि एकेका वेळी अर्धीच गोष्ट सांगीन. उरलेली अर्धी ऐकायला तो थांबेल. त्याचा स्वभाव तसा आहे, अर्धं टाकून उठत नाही.

मागच्या शुक्रवारी निघताना त्यानंही, कब्रस्तानाकडे गेलास तर सांग म्हणून, तुझ्यासाठी निरोप दिला होता; तो मी नेणार नव्हतो. त्यानं दिला तेव्हा मी कानावर हात ठेवले होते. आता इथे लिहितो: हिराजीनं तुला सलाम सांगितलाय, आणि विचारलंय की तुझे गुडघे दुखतात का अजून. झालं. त्याचा निरोप पोचला. आता त्यासाठी त्यानं स्वतः यायची काही गरज नाही.

एवढं ऐक, उस्मान, आणि काय ते लवकर कळव. स्वप्नात ये, भाभीच्या तोंडून सांग, कसंही. शुक्रवारच्या आत कळलं तर बरं होईल.

तुझा,
म्हादू
दिघी